शब्द आधी की पाठ आधी?
(इंग्रजी वाचनपाठातील नव्या शब्दांचा थोडा इतिहास)

"मास्तर, आमच्या मुलाकडून रोज वीस-पंचवीस इंग्रजी शब्द पाठ करून घ्या, म्हणजे त्याची इंग्रजी सुधारेल," अशी सूचना पुष्कळ पालक शिक्षकांना करतात. या सूचनेमागील तळमळ खरी आहे. परंतु शब्द पाठ होणे आणि वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाचनपाठ सुरू करण्यापूर्वी नवे शब्द शिकवावेत काय, शिकवावेत तर किती, आणि कोणते, या प्रश्नांवर शिक्षकांनी व अभ्यासकांनी शंभराहून अधिक वर्षे विचार केला आहे. त्या विचाराचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच उपखंडात, ढाका शहरात घडला. तो इतिहास पालकांना व विद्यार्थ्यांना ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

परकी भाषा शिकताना आधी शब्द पाठ करण्याची पद्धत आपल्याकडे इंग्रजीबरोबर आली नाही. मदरशांतून तेराव्या शतकातील अबू नस्र फराही यांचा ‘निसाब’ शिकवला जात असे. अरबी शब्द व त्याचा फारसी अर्थ पद्यात गुंफलेले, म्हणजे मुलाने ते चालीवर म्हणावे आणि शब्द तोंडात बसावा. अमीर खुसरो यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली ‘खालिकबारी’ याच वळणाची आहे. एकोणिसाव्या शतकात मिर्झा गालिब यांच्यासारख्या श्रेष्ठ कवीनेही मुलांसाठी ‘कादिरनामा’ लिहिला. संस्कृत पाठशाळांतून ‘अमरकोश’ असाच मुखोद्गत केला जाई. या पद्धतीने स्मरणशक्ती तयार होई, यात शंका नाही. मात्र येथे शब्द आणि ग्रंथ यांची भेट फार उशिरा होत असे. आधी कोश पाठ करावयाचा आणि ग्रंथ पुढे केव्हातरी उघडावयाचा.

इंग्रजी अमलात 1835 नंतर इंग्रजी शिक्षणाला सरकारी आश्रय मिळाला, 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी ही नोकरीची किल्ली बनली. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. शब्द व अर्थ समजून घ्यावेत, नियम पाहावा आणि वाक्यांचे भाषांतर करावे, हा क्रम घरोघर रूढ झाला. क्रमिक पुस्तकांत मात्र इंग्लंडमधील वाङ्मयीन उतारे असत. त्यांत इतके अनोळखी शब्द येत की विद्यार्थी वाचत नसे, तो फक्त अर्थ लिहून घेत असे. ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहिलेले अर्थ हीच त्याची इंग्रजी.

ही स्थिती ज्याने बारकाईने पाहिली तो शिक्षणतज्ज्ञ म्हणजे मायकेल वेस्ट (1888–1973). इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधून ते बंगालमध्ये आले आणि पुढे ढाका येथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1926 मध्ये बंगालमधील द्विभाषिकत्वावरील त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एक साधा पण काळजाला भिडणारा प्रश्न विचारला आहे. शाळेत दाखल झालेल्या मुलांपैकी पुष्कळजण अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधीच शाळा सोडतात. मग त्यांच्या हाती काय उरते?

यासाठी वेस्ट यांनी विम्याच्या व्यवहारातील एक शब्द घेतला : ‘सरेंडर व्हॅल्यू’. आयुर्विम्याची पॉलिसी मध्येच सोडली तर जी रक्कम परत मिळते, ती सरेंडर व्हॅल्यू. काही पॉलिसींत ती बरी असते, काहींत जवळजवळ शून्य. शिक्षणाचेही तसेच आहे. ज्या अभ्यासक्रमाचे फळ केवळ शेवटच्या वर्षी मिळते, त्यात मध्येच गळालेल्या मुलाची सारी वर्षे फुकट जातात. म्हणून प्रत्येक वर्षाअखेर मुलाला थोडे तरी स्वतःचे स्वतः वाचता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. शाळा सोडल्यावर बोलण्यास सोबती मिळेलच असे नाही, पण वाचता येत असले तर पुस्तक सोबत करते.

हा आग्रह केवळ कागदावर राहिला नाही. वेस्ट यांनी नवी वाचनपुस्तके तयार केली. त्यांत त्यांनी दोन सुधारणा केल्या. पहिली, दुर्मीळ व जुनाट शब्द काढून नेहमीचे शब्द घातले. ‘आइल’च्या जागी ‘आयलंड’, ‘एअर’च्या जागी ‘बिफोर’. दुसरी, नवे शब्द एका जागी न कोंबता पाठभर विखरून ठेवले आणि ते पुन्हापुन्हा भेटतील अशी व्यवस्था केली. शेतात बी मूठमूठ एकाच ठिकाणी ओतले तर पीक येत नाही, ते पसरून पेरावे लागते. तोच हा न्याय.

पण नेहमीचे शब्द कोणते, हे ठरवावयाचे कसे? अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी 1921 मध्ये, छापील मजकुरातील शब्द मोजून, 10,000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. जपानमध्ये हॅरल्ड पामर हेही शब्दनिवडीचे काम करीत होते. 1934 मध्ये कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने न्यूयॉर्क येथे ही मंडळी एकत्र बसली, 1936 मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच 1953 मध्ये वेस्ट यांनी संपादित केलेली सुमारे 2,000 शब्दांची सुप्रसिद्ध यादी निघाली. एका शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात येतो, हेही तीत दिले आहे. त्याआधी 1935 मध्ये वेस्ट व एन्डिकॉट यांनी एक शब्दकोश केला होता. त्यात सुमारे 24,000 शब्द व वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या 1,490 शब्दांत समजावले आहेत. मूळचे थोडे शब्द पक्के असले तर बाकीच्यांची वाट त्यांतूनच निघते, याचा हा ढळढळीत पुरावा होय.

पुढील संशोधनाने या विचाराला आकड्यांचा आधार दिला. 1989 मध्ये बाटिया लाउफर यांनी दाखविले की मजकूर ठीक समजण्यास त्यातील सुमारे 95 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. हू व नेशन यांच्या 2000 मधील अभ्यासात, मदतीशिवाय वाचण्यासाठी हे प्रमाण सुमारे 98 टक्के निघाले, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. आपल्या मुलांसमोरील पाठ बहुधा याहून कठीण असतो. ही दरी बुजविण्यासाठीच वाचनापूर्वी शब्द शिकवावयाचे असतात.

आता हे प्रत्यक्ष वर्गात कसे करावे ते पाहू. समजा, दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट वाचावयाची आहे आणि तीत वीस नवे शब्द आहेत. वीसही फळ्यावर लिहिले तर तास संपेल आणि गोष्ट तशीच राहील. त्यांतील चार-पाच निवडावेत. ज्यांवाचून गोष्ट उलगडत नाही आणि जे पुढेही भेटणार आहेत, ते. ‘स्टॉर्म’ हा असा शब्द आहे, कोकणातील मुलाला वादळ सांगावे लागत नाही, फक्त नाव द्यावे लागते. ‘कीपर’ शिकविताना आधी ‘विकेटकीपर’ काय करतो ते विचारावे, सांभाळणारा हा अर्थ मुलेच सांगतील. शब्द आधी कानांनी ऐकावा, मग तोंडाने म्हणावा, मग फळ्यावर पाहावा आणि एका वाक्यात वापरावा. गरज पडल्यास मराठी किंवा उर्दू अर्थ एका शब्दात द्यावा, त्यात कमीपणा नाही. ‘ग्लीम’सारखा शब्द मात्र राखून ठेवावा. अंधार, दिवा आणि समुद्र वाक्यात असले की मूल त्याचा अर्थ स्वतः ताडते, आणि स्वतः ताडलेला शब्द सहसा विसरत नाही. तसेच शब्द शिकविण्याच्या भरात सारी गोष्ट सांगून टाकू नये. नाहीतर वाचण्यासारखे उरते काय? त्याऐवजी एक प्रश्न द्यावा, "त्या रात्री दिवा कोणी लावला?" आणि उत्तर शोधण्यासाठी मुलांना मुकाट्याने वाचू द्यावे.

वेस्ट यांनी 1960 मध्ये प्रतिकूल परिस्थितीतील इंग्रजी अध्यापनावर पुस्तक लिहिले. भरगच्च वर्ग, अपुरी बाके, उकाडा, हे सारे त्यांनी गृहीत धरले आहे. म्हणजे या पद्धतीला श्रीमंत शाळा लागत नाही. खडू, फळा आणि आदल्या रात्री पाठ वाचून शब्द निवडणारा शिक्षक एवढे पुरे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. वर्षे वाढली, पण ढाक्यात विचारला गेलेला प्रश्न तसाच आहे. आपल्या समाजात आजही एखादा मुलगा आठवीतून दुकानावर बसतो, एखाद्या मुलीची शाळा घरच्या अडचणीमुळे सुटते. मुलांनी शाळा सोडू नये यासाठी आपण सर्वांनी झटलेच पाहिजे. परंतु ज्यांची सुटली त्यांच्या पदरी काय पडले, याचे उत्तर शाळेला द्यावे लागेल. औषधाच्या बाटलीवरील सूचना, बँकेचा अर्ज, नोकरीची जाहिरात त्यांना स्वतः वाचता आली, तर ती वर्षे वाया गेली नाहीत.

म्हणून पालकांना विनंती अशी की, "आज किती शब्द पाठ केलेस?" असे मुलांना विचारू नये. "आज काय वाचलेस, आणि त्यात काय घडले?" असे विचारावे. विद्यार्थ्यांनीही वहीत अर्थांच्या रांगा वाढविण्यापेक्षा, शिकलेला शब्द दुसऱ्या पानावर पुन्हा कोठे भेटतो ते शोधावे. असा दोन-तीनदा भेटलेला शब्दच कायमचा आपला होतो.