द्युपुइत्रां संकोच
तळहाताच्या त्वचेखालील तंतुमय प्रावरण जाड व आखूड होत जाऊन बोटे, विशेषतः अनामिका व करंगळी, तळहाताकडे कायमची वाकविणारा विकार. आरंभी बहुधा वेदनारहित अशी एखादी गाठ हाताला लागते. पुढे तिची ताठ दोरी बनते आणि खिशात हात घालणे, तोंड धुणे यांसारखी मामुली कामेही दुरापास्त होतात. दोष कंडरांचा नसून प्रावरणाचा आहे, हे हेन्री क्लाइन व ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदांनी आधीच ओळखले असले, तरी पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातील गीयोम द्युपुइत्रां (१७७७–१८३५) यांनी १८३१ मध्ये शस्त्रक्रिया करून त्याचे जाहीर प्रतिपादन केले, आणि दप्तरी नाव दाखल झाले ते त्यांचेच.

उत्तर यूरोपीय वंशाच्या वयस्क पुरुषांत हा विकार अधिक आढळतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असून मधुमेह, मद्यपान व धूम्रपान यांच्याशीही त्याचा संबंध दिसतो. आपल्याकडे वाकडी बोटे पाहताच कुष्ठरोगाची शंका घेतली जाते. परंतु त्या रोगात मज्जातंतू बाधित होऊन संवेदना हरपते, येथे ती शाबूत राहते.

तळहात मेजावर सपाट टेकेनासा झाला की इलाजाचा विचार करावा. केवळ गाठ असेल तर देखरेख पुरे. सुईने दोरी छेदणे, कोलॅजिनेज विकर टोचून ती विरघळविणे किंवा रोगट प्रावरण कापून काढणे, हे प्रचलित उपाय होत. शस्त्रक्रियेचा परिणाम तुलनेने टिकाऊ, मात्र त्यानंतर हात पूर्ववत होण्यास विलंब लागतो. सुईच्या उपायाने हात लवकर मोकळा होतो, पण विकार उलटण्याचा संभव अधिक.