नदीकाठच्या वाळूचा हिशेब

१८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हे भूशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक वल्ह्यांच्या होड्यांतून कोलोरॅडो नदीची ग्रँड कॅन्यन ही प्रचंड घळई पार करून गेले. त्यांची तुकडी शौचाला कोठे जात असेल, हा प्रश्न आपल्याला इतिहासाच्या तासाला पडत नाही. तेव्हा तो महत्त्वाचाही नव्हता. पुढच्या ऐंशी वर्षांत या मार्गाने गेलेली माणसे शंभराच्या आसपासच होती. शिवाय दरवर्षी डोंगरावरचे बर्फ वितळले की नदीला मोठा पूर येई. तो काठाची जुनी वाळू खरवडून नेई आणि नवी आणून टाकी.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. १९६३ साली घळईच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडू लागले. पूर थांबले आणि नवी वाळू आणणारा गाळ धरणातच बसू लागला. त्याच सुमारास रबरी तराफ्यांच्या सहली लोकप्रिय झाल्या. १९६६ साली सुमारे एक हजार प्रवासी घळईतून गेले, तर १९७२ साली १६,४३२!

आपण एक गणित करू. माणशी रोजचा मैला सव्वाशे ग्रॅम आणि सहल आठ दिवसांची धरली, तर प्रत्येकामागे एक किलो होतो. म्हणजे त्या एका वर्षात सोळा टनांहून अधिक! दोन्ही बाजूंना उभे कडे असल्याने मुक्कामाजोगे वाळूचे काठ मोजकेच. त्याच काठांवर खड्डे खणून हा मैला पुरला जाई.

‘पुरले की माती होते’ हा आपला नेहमीचा समज. पण कुजण्यासाठी ओल आणि सूक्ष्मजीव लागतात. वाळवंटी वाळूत दोन्ही कमीच. १९८० साली मोंटाना राज्यातील संशोधकांनी डोंगराळ भागात पुरलेल्या विष्ठेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीत मुद्दाम मिसळलेले साल्मोनेला जीवाणू पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जिवंत होते. त्याआधी, १९७२ मध्ये, कोलोरॅडोवरील तराफ्यांच्या प्रवाशांत शिगेला जीवाणूंमुळे जुलाबांची साथ आलीच होती. हे जीवाणू विष्ठेतूनच पसरतात.

अखेर १९७०च्या दशकाच्या शेवटी नियम झाला: आपला मैला आपणच परत न्यायचा. त्यासाठी सैन्यातले दारूगोळ्याचे रिकामे पत्र्याचे डबे कामी आले. त्यांच्या घट्ट झाकणातून गळती होत नसे. मात्र त्यांवर बसले की कडांचे वळ मांड्यांवर उठत. त्यावरून वल्हेकऱ्यांनी डब्याला ‘ग्रूव्हर’, म्हणजे वळ उठवणारा, असे नाव दिले. पुढे डब्यावर बैठक बसवली गेली; नाव मात्र तेच राहिले.

लघवीचा नियम मात्र उलटा आहे. ती थेट नदीतच करायची! पाऊस कमी असल्याने वाळूत तिची दुर्गंधी साठत जाते. नदीच्या प्रचंड प्रवाहात ती विरून जाते. लहान ओढ्याच्या काठी हाच नियम चुकीचा ठरेल. तेथे पाण्यापासून साठ मीटर तरी दूर जावे लागते.

तेव्हा पॉवेल यांच्या तुकडीचे चुकले, असे आपण म्हणू नये. माणसे किती, पाणी किती आणि जमीन कसली, यांवर स्वच्छतेचा नियम ठरतो. शाळेची सहल नदीकाठी नेण्यापूर्वी हे तीन प्रश्न आपण विद्यार्थ्यांसमोर ठेवू या आणि उत्तरे त्यांनाच काढू देऊ या.