कला अकादमी आणि जीर्णोद्धाराचा धर्म

पणजीस मांडवीच्या तीरी, कांपाल येथे उभी असलेली कला अकादमीची वास्तू ही स्थापत्यकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी गोमंतकास दिलेली अमोल देणगी होय. साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयाने (१९६३) त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. पुढे सत्तरीच्या दशकात त्यांनी आपल्या पूर्वजांच्या भूमीत या वास्तूची रचना केली. तीत दिमाख नाही. ठेंगणी बांधणी, मंडपाची छाया आणि रस्त्यापासून नदीपर्यंत मोकळी वाट, हेच तिचे वैभव. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचे नाव तिच्या नाट्यगृहास शोभते.

जुलै २०२३ मध्ये दुरुस्ती चालू असतानाच तेथील खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. वास्तू जशी उपेक्षेने ढासळते, तशी अविचारी दुरुस्तीनेही ढासळते. जीर्णोद्धाराच्या उत्साहात आपल्याच देवळांच्या भिंतींवरील कावीची कितीतरी चित्रे नाहीशी झाली, हे आपण जाणतोच. म्हणून हातोडा उचलण्यापूर्वी मूळ आराखडे अभ्यासावेत, जाणत्यांचा सल्ला घ्यावा आणि नव्याचा सोस आवरावा. जे आहे ते ओळखून राखणे, हाच खरा जीर्णोद्धार; मग ते देऊळ असो वा कलामंदिर.