वृत्त व चौरस : पाटणची गणितपरंपरा आणि पोथ्यांची पारख

वृत्त आणि चौरस यांच्या क्षेत्रफळांची तुलना हा विषय प्रथमदर्शनीं इतिहाससंशोधकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु कर्त्याचें नांव व शक नसलेलें गणिताचें सुटें पत्र हातीं आलें असतां तें कोणत्या परंपरेंतलें, हें ठरविण्यास याच तुलनेचा आंकडा फार उपयोगी पडतो. तें कसें, हें या टिपणांत दाखवावयाचें आहे.

कन्नड तालुक्यांतील पिशोर गांव ज्या डोंगररांगेच्या माथ्याकडील प्रदेशांत आहे, तिच्याच पायथ्याशीं, पश्चिमेस, खानदेशच्या बाजूला चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें आहे. तेथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं इ. स. १८६५ त प्रसिद्धीस आणला. पुढें कीलहॉर्न यांनीं तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडांत संपादिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याचा ज्योतिषी होता. त्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं पाटण येथें मठ स्थापिला व निकुंभवंशीय सोइदेवानें त्या मठास दान दिलें, असें त्या लेखावरून समजतें. शके १०७२ मध्यें रचलेली ‘लीलावती’ या प्रांतांत शिकविली जात होती, याचा हा दगडावरील पुरावा होय.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वृत्ताचा व्यास हीच ज्याची बाजू, अशा चौरसाचा किती हिस्सा वृत्त व्यापतें? लीलावतींत याचीं दोन उत्तरें आहेत. स्थूल उत्तर चौदा भागांपैकीं अकरा. सूक्ष्म उत्तर ५००० भागांपैकीं ३९२७. व्यास ७ घेतला, तर चौरस ४९ होतो. वृत्त स्थूल मानानें ३८॥ व सूक्ष्म मानानें ३८ पूर्णांक २४२३/५००० येतें. परिघासाठीं व्यास १२५० तर परिघ ३९२७, हें जें प्रमाण दिलें आहे, तें आर्यभटाच्या (इ. स. ४९९) २०००० व ६२८३२ या आंकड्यांस सोळानें भागिल्यावर येणारेंच आहे.

याहून निराळा संप्रदाय ब्रह्मगुप्ताचा (इ. स. ६२८). तो व्यवहारासाठीं परिघ व्यासाच्या तिप्पट धरतो आणि सूक्ष्म गणितास दहाचें वर्गमूळ घेतो. राष्ट्रकूटकालीन महावीराचार्याच्या ‘गणितसारसंग्रहां’तही हींच मानें आहेत. त्याहून प्राचीन बौधायन शुल्बसूत्रांत वृत्ताचा चौरस करण्याची एक सोपी रीति आहे : व्यासाचे पंधरा भाग करून दोन टाकावे व उरलेल्या तेरांची बाजू धरावी.

या सर्वांची तुलना एकाच मापानें करून पाहूं. व्यास १००० हात घेतला, तर चौरस दहा लक्ष हात होतो व वृत्ताचें खरें क्षेत्र ७,८५,३९८ हातांहून किंचित् अधिक येतें. बौधायनाच्या या रीतीनें ७,५१,१११, दहाच्या वर्गमुळानें ७,९०,५६९, भास्कराच्या स्थूल रीतीनें ७,८५,७१४ व सूक्ष्म रीतीनें ७,८५,४०० येतात. म्हणजे भास्कराचें ‘स्थूल’ मान हें ब्रह्मगुप्ताच्या ‘सूक्ष्मा’पेक्षां सुमारें सोळापट अधिक बिनचूक आहे, आणि त्याच्या स्वतःच्या सूक्ष्म मानांत दहा लक्षांत दोन हातांचाही फरक पडत नाहीं.

हें मान केवळ श्रद्धेनें स्वीकारलें जात होतें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४६७ मध्यें लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. ती पुण्याच्या आनंदाश्रमानें इ. स. १९३७ त छापली. तींत वृत्ताचीं दोन अर्धें सुईसारख्या पाकळ्यांत चिरून एकमेकींत बसविलीं असतां, एक बाजू परिघार्ध व दुसरी व्यासार्ध असा आयत होतो, अशी उपपत्ति आहे. परिघासाठींही षट्कोनापासून बाजू दुप्पट करीत ३८४ बाजूंच्या आकृतीपर्यंत जाण्याची दिशा त्यानें दाखविली आहे.

व्यवहारांत मात्र एक निराळीच चूक संभवते. परिघ मोजून त्याचा चौथा हिस्सा घ्यावा व त्याचा वर्ग करावा, अशी रीति इंग्रजी अमदानींत जंगलखात्याच्या लांकूडमोजणींत रूढ होती. २२ हात घेराचें वृत्त ३८॥ हात भरतें. त्याच दोरीचा चौरस ३०। हातच भरतो. हें प्रमाण चौदास अकरा. म्हणजे व्यासाच्या चौरसांत वृत्त जितक्या प्रमाणानें उणें, तितक्याच प्रमाणानें समान घेराचा चौरस वृत्ताहून उणा. तेव्हां अशा मोजणींत विकणाराचा चौदा भागांत तीन भाग तोटा होई. जुन्या हिशेबांत अकरा व चौदा हे आंकडे आढळल्यास कशानें कशास भागिलें आहे, हें आधीं पाहावें.

पोथ्या जमविणारांस यांतून दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, सुट्या पत्रांत ३९२७ आला, तर तें पत्र आर्यभट-भास्कर परंपरेंतील समजण्यास बळकट आधार आहे; दहाचें वर्गमूळ आल्यास दुसऱ्या संप्रदायाकडे पाहावें. दोन, लेखकांच्या हातून अंक बिघडतात, पण श्लोकांतील संख्या शब्दांत असतात. भ म्हणजे २७, नंद म्हणजे ९ व अग्नि म्हणजे ३. उलट क्रमानें मांडल्यास ३९२७ च येतात. म्हणून अंक व शब्द यांत विरोध दिसल्यास शब्द प्रमाण मानावे, आणि अंकाची चूक दुरुस्त न करतां जशीच्या तशी टिपून ठेवावी. कारण दोन प्रतींत तीच चूक सांपडली, तर त्यांचें मूळ एक असल्याचा तो पुरावा ठरतो.

पिशोर, कन्नड व पाटणें या घाटाच्या दोन्ही अंगांस जुन्या जोशीघराण्यांतून गणिताचीं बाडें आढळल्यास पंचांगांच्या ढिगांत तीं टाकून न देतां क्षेत्रव्यवहाराचीं पत्रें वेगळीं काढावीं व वरील आंकडे पडताळावे. शिलालेखानें मठाची स्थापना सांगितली आहे. तेथें चाललेल्या अभ्यासाचा माग अशाच पत्रांतून लागावयाचा आहे.