लहान मुलांमधील गोचीड-दंश
गोचीड ही कोळ्यांच्या वर्गात मोडणारी रक्तशोषक बाह्यपरजीवी आहे. तिने त्वचेत मुखांग रोवून रक्त शोषण्यास गोचीड-दंश म्हणतात. दंश बहुधा वेदनारहित असतो आणि अपक्व गोचीड तिळाएवढी किंवा त्याहूनही लहान असते. त्यामुळे लहान मुलांच्या तो सहसा लक्षात येत नाही.

संबंधित आजार
बहुतेक दंशांमुळे आजार होत नाही. मात्र भारतात गोचिडींमार्फत विषाणुजन्य माकडताप (क्यासनूर वनरोग) आणि जिवाणुजन्य इंडियन टिक टायफस हे आजार पसरतात. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळला. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यात व गोव्यातील सत्तरी तालुक्यातही त्याचे रुग्ण आढळले. त्याचा प्रादुर्भाव मुख्यत्वे डिसेंबर ते मे या काळात होतो.

प्रथमोपचार
गोचीड दिसताच काढावी. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेलगत पकडून, न पिळता, संथपणे सरळ वर ओढावे. रॉकेल, तेल वा चुना लावणे, तसेच काडीने चटका देणे टाळावे; यामुळे त्वचेस इजा होते व गोचीड काढण्यास विलंब होतो. ती नखाने चिरडू नये. नंतर दंशाची जागा व हात साबणाने धुवावेत. मुखांगाचा तुकडा सहज निघत नसल्यास त्वचा कोरू नये.

वैद्यकीय उपचार
दंशानंतर काही आठवड्यांत ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, पुरळ, उलट्या किंवा रक्तस्राव झाल्यास मुलाला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे व दंशाची माहिती द्यावी. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. टिक टायफसवर डॉक्सिसायक्लिन प्रभावी असून डॉक्टर ते लहान मुलांनाही देतात. संशय बळावल्यास चाचणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता उपचार सुरू केले जातात. माकडतापावर विशिष्ट औषध नसून लक्षणांनुसार उपचार करतात.

प्रतिबंध
* रानात किंवा काजूच्या बागेत जाताना मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत व पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत.
* मुलांना पालापाचोळ्यावर बसू देऊ नये.
* डीटयुक्त मलम दोन महिन्यांखालील बालकांना लावू नये. मोठ्या मुलांच्या हातांना, डोळ्यांजवळ व तोंडाजवळ लावू नये.
* घरी परतल्यावर केस, कानांमागील भाग, काखा, बेंबी, जांघा व गुडघ्यांमागील भाग तपासावा. मुलांना अंघोळ घालून कपडे गरम पाण्यात धुवावेत.
* पाळीव कुत्री व गुरे यांच्या अंगावरील गोचिडींचे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियंत्रण करावे.
* मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये. आरोग्य किंवा वन विभागास कळवावे.