योग पदव्युत्तर पदविका

योग पदव्युत्तर पदविका : कोणत्याही विद्याशाखेच्या पदवीनंतर घेतला जाणारा, बहुधा एक वर्षाचा, योगाचे शास्त्र आणि अभ्यास एकत्र शिकविणारा पाठ्यक्रम.

गुरुगृही शिकली जाणारी ही विद्या विसाव्या शतकात वर्गात आली. योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ आणि स्वामी कुवलयानंद (ज. ग. गुणे) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले (→ कुवलयानंद, स्वामी). विद्यापीठीय पदविका पुढे आल्या.

सैद्धांतिक भागाचा गाभा पातंजल योगसूत्रे हा असतो : समाधी, साधन, विभूती व कैवल्य हे चार पाद (→ पतंजलि). त्यास हठयोगाचे ग्रंथ जोडले जातात. त्यांत एकवाक्यता नाही. पतंजलींचा योग अष्टांग, तर घेरंडसंहितेतील सप्तांग आहे. हठप्रदीपिकेत १५ आसने, घेरंडसंहितेत ३२. शरीररचना व शरीरक्रियाविज्ञान हे विषयही असतात. प्रात्यक्षिकात आसने, प्राणायाम, बंध-मुद्रा (→ मुद्रा, हठयोगातील) व धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती ही षट्कर्मे येतात. अध्यापनाचे पाठही बहुधा घ्यावे लागतात. केवळ आसने येणे पुरत नाही.

ग्रंथवचन व प्रयोगशाळेतील मापन यांचा मेळ हे या शिक्षणाचे महत्त्वाचे अंग होय. कुवलयानंदांनी नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे मोजून दाखविले. या निर्वातास त्यांनी आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले.