रेड डॉग : एका ओढ्याचा रंग आणि त्याचे नाव

खनिजशोधाच्या इतिहासात श्रेय सामान्यतः ज्याचा अहवाल प्रथम छापला गेला त्याच्या नावे जमा होते. छापील कागद हा इतिहासकाराच्या सोयीचा पुरावा होय. परंतु तो एकमेव पुरावा नव्हे. स्थळनाम हाही एक दस्तऐवजच आहे, आणि अहवालाच्या शीर्षकात न मावलेली माणसे पुष्कळदा तेथे भेटतात. अलास्काच्या वायव्य भागातील रेड डॉग या जस्त-शिशाच्या साठ्याची हकीकत या दृष्टीने अवलोकन करण्याजोगी आहे.

हा साठा ब्रुक्स पर्वताच्या पश्चिम टोकास, डी लाँग पर्वतराजीत, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस आहे. तेथील जमीन बारमाही गोठलेली असते. खाण सुरू होण्यापूर्वी तेथे रस्ता नव्हता. त्या प्रदेशाचे मुख्य गाव कॉटझेब्यू. तेथून विमानाने जावे, हाच व्यवहार्य मार्ग होता.

साठ्याची उत्पत्ती सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाशी निगडित आहे. त्या काळी येथे प्राणवायूचा अभाव असलेल्या खोलगट समुद्रात काळा, सेंद्रिय द्रव्याने भरलेला चिखल साचत होता. खालून वर येणाऱ्या खाऱ्या द्रवांनी जस्त, शिसे आणि लोह आणले. गंधकाशी त्यांचा संयोग होऊन स्फॅलेराइट, गॅलेना व पायराइट ही सल्फाइड खनिजे बनली. त्यांच्या सोबतीस बेराइट व सिलिका विपुल आहेत. पुढे पर्वत उभा राहताना हे थर तुटले, सरकले आणि एकमेकांवर रचले गेले. म्हणजे आज साठा जेथे आहे तेथे तो जन्मला नाही. असो.

शोधाच्या दृष्टीने महत्त्वाची घडामोड मात्र यानंतरची आहे. सल्फाइड खनिजे उघडी पडून हवा व पाणी यांच्या संपर्कात आली की पायराइटपासून गंधकाम्ल निर्माण होते. ते इतर धातू विरघळविते आणि लोहाचा तांबूस गंज खडकावर व ओढ्याच्या तळाशी बसतो. अशा गंजलेल्या माथ्यास इंग्रज खाणकामगार ‘गॉसन’ म्हणतात. हा शब्द कॉर्निश भाषेतून आला असून त्याचे मूळ ‘रक्त’ या अर्थाच्या शब्दात आहे. आपल्या रसशास्त्रात तांबे, लोह व गंधक यांच्या खनिजास सुवर्णमाक्षिक म्हटले आहे. माक्षिक म्हणजे मध. एका भाषेस रक्त आठवले, दुसरीस मध. रासायनिक पृथक्करण पुष्कळ नंतरचे. खनिजाची पहिली ओळख डोळ्यांनीच झाली.

रेड डॉगच्या बाबतीतही तसेच घडले. बॉब बेकर हे त्या भागात लहान विमान चालविणारे वैमानिक आणि हौशी खनिजशोधक. वरून जाताना ओढ्याकाठची तांबूस छटा त्यांच्या नजरेस आली. ही गोष्ट त्यांनी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील अर्व्हिंग टेलर यांना सांगितली. टेलर यांनी १९६८ मध्ये तेथील नमुने घेतले आणि १९७० मध्ये पश्चिम ब्रुक्स पर्वतातील शिसे, जस्त व बेराइट असलेल्या नमुन्यांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. शीर्षक इतके कोरडे की त्यामागे जगातील सर्वांत मोठ्या जस्तसाठ्यांपैकी एक दडला असेल अशी शंकाही येऊ नये! परंतु ओढ्यास टेलर यांनीच नाव दिले ते रेड डॉग, म्हणजे बेकर यांच्याबरोबर विमानातून हिंडणाऱ्या तांबूस कुत्र्याचे. सरकारी अहवालात विज्ञान आले. नकाशावर मैत्री उतरली.

तथापि ही भूमी निर्मनुष्य नव्हती. १९७१ च्या कायद्याने अलास्कातील मूळ रहिवाशांच्या जमिनीवरील दाव्यांचा निकाल लागला आणि या प्रदेशातील इन्युपियात लोकांसाठी ‘नाना’ ही प्रादेशिक संस्था स्थापन झाली. मासेमारी व शिकार यांवर जगणाऱ्या या समाजास आरंभी खाणीविषयी उत्साह नव्हता. अखेर १९८२ मध्ये ‘नाना’ने कोमिन्को कंपनीशी करार केला. त्यातील लक्षणीय तरतूद म्हणजे नोआटक व किवलिना या गावांतील वडीलधाऱ्यांची समिती. शिकारीच्या हंगामात वाहतुकीने अडथळा येऊ नये हे पाहणे तिचे काम. १९८९ मध्ये उत्पादन सुरू झाले. खाणीपासून समुद्रापर्यंत सुमारे ८४ किलोमीटरचा रस्ता करण्यात आला. बंदर मात्र बर्फामुळे वर्षातून साधारण शंभर दिवसच खुले असते. स्वामित्वशुल्क प्रारंभी साडेचार टक्के होते. कंपनीचा भांडवली खर्च भरून निघाल्यावर ‘नाना’चा वाटा निव्वळ उत्पन्नाच्या पंचवीस टक्के झाला आणि तो दर पाच वर्षांनी पाचाने वाढत पन्नासापर्यंत जाईल असे ठरले. शिवाय कायद्यानुसार अशा उत्पन्नाचा सत्तर टक्के भाग अलास्कातील बारा प्रादेशिक संस्थांत वाटावा लागतो.

यानंतर नावेही बदलली. त्याच परिसरातील पुढच्या साठ्यांची नावे अक्कालुक, पालाक, कनाइयाक, अनार्राक अशी इन्युपियाक आहेत. (या शब्दांच्या शेवटचा ‘क’ पडजिभेपाशी उच्चारला जातो, आपल्या वर्णमालेत त्यास स्वतंत्र अक्षर नाही.) पहिल्या नावात आगंतुकाचा कुत्रा आहे, पुढच्यांत भूमीच्या मालकाची भाषा. करारपत्र न वाचताही सत्तेचे हे स्थलांतर नकाशावर वाचता येते.

राहिला प्रश्न पाण्याचा. ज्या रंगाने साठा उघड केला तो विषाचाही रंग होता. खाणीपूर्वीच्या पाहणीतच ओढ्याच्या पाण्यात जस्त, शिसे व कॅडमियम इतके आढळले की त्याच्या मोठ्या भागात मासे जगू शकत नव्हते. म्हणून खाणीने पाणी बिघडविले की ते मुळातच तसे होते, हा वाद सोपा राहत नाही. उत्पादन सुरू होताच धातूंचे प्रमाण आणखी वाढले. १९९१ मध्ये स्वच्छ प्रवाह साठ्यास वळसा घालून नेण्यात आला, तेव्हा ते घटले. रेड डॉगचे पाणी इकालुक्रोक ओढ्यातून वुलिक नदीस मिळते आणि किवलिनाचे लोक त्या नदीचेच पाणी पितात. त्यांपैकी काहींनी २००४ मध्ये सांडपाण्याच्या प्रश्नावर कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. २००८ मध्ये तडजोड झाली. निसर्गाचा दोष किती आणि माणसाचा किती, हे ठरविण्यास खाणीपूर्वीच्या त्या नोंदींखेरीज दुसरा आधार नाही.